सभेत नेलेली छत्तीस अंडी

उजेडमावशीनं भरसभेत तमाशा केला, असं शहरात अजून सांगतात. सांगणाऱ्यांतले निम्मे त्या सभेला नव्हते, आणि जे होते त्यांनी टाळ्या कधी वाजवायच्या एवढ्याकडेच लक्ष दिलं होतं. तेव्हा काय झालं ते नीट सांगितलेलं बरं.

कोंबडीची पिल्लं उबवणारं एक केंद्र होतं, शहराबाहेर, लांबट पत्र्याचं. आत पाच मोठी यंत्रं, प्रत्येकात हजारोंनी अंडी. त्या केंद्रात एक खिडकी नसलेली खोली होती आणि त्या खोलीत मावशीचं काम. काळोखात उभं राहायचं, ट्रेमधलं अंडं उचलायचं, दिव्याच्या नळीवर धरायचं आणि आत काय चाललंय ते बघून बाजूला ठेवायचं. हे जिवंत, हे कोरं, म्हणजे जीवच न धरलेलं, हे मधेच थांबलेलं. तासाला सात-आठशे अंडी तिच्या हाताखालून जात. सव्वीस वर्षं हेच. म्हणून नाव पडलं उजेडमावशी. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंही चुकीचं लिहिलेलं होतं.

काम सोपं वाटतं, पण ते तसं नाही. नव्या मुली पहिल्या दिवशी पाचव्या दिवसाचं अंडं दिव्यावर धरत आणि किंचाळत, "ई, मावशी, आत कोळी आहे!"

"कोळी नाही ग बाई, शिरा आहेत त्या. आणि मधोमध ठिपका उडतोय ना, ते काळीज. हळू धर. तुझ्या बोटाखाली कोणाचं तरी काळीज आहे, भाजीची जुडी नाही."

अंड्याची ऊब बरोबर आहे का हे ती पापणीला लावून ओळखायची. यंत्रावर आकडे होते, पण आकड्यांवर तिचा विश्वास बेताचाच. दोनदा आकडे बरोबर दाखवत असताना आतली हवा तापली होती आणि दोन्ही वेळा आधी तिच्या पापणीला कळलं होतं. तेव्हापासून मालकही ऊब विचारायला तिच्याकडेच येई.

सकाळी पहिलं अंडं उचलताना ती आईनं शिकवलेले प्रार्थनेचे दोन शब्द पुटपुटायची. लेकीच्या पुस्तकांतलं, कोंबडीचे पूर्वज कसे होते, खडकांत त्यांची हाडं कशी सापडली, तेही तिनं कान देऊन ऐकलं होतं आणि तिला ते पटलं होतं. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात बिनभांडणाच्या नांदत होत्या. भांडण होतं ते घरच्या जेवणाच्या टेबलावर.

लेक कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती. मावशीचा थोरला भाऊ, दादा, प्रार्थनागृहाची व्यवस्था बघायचा. सुट्टीच्या दिवशी तो जेवायला यायचा आणि भाजी वाढून होण्याआधीच मामा-भाचीचं सुरू व्हायचं.

"मामा, माणूस एका दिवसात नाही घडला. कोट्यवधी वर्षं लागली."

"लागली असतील. तू मोजायला बसली होतीस का?"

"खडकांच्या थरांवरून मोजतात."

"मग त्या खडकालाच विचार, बाबा रे, तुला कोणी घडवलं."

"मामा, तुम्ही मुद्दा सोडून बोलता."

"आणि तू जेवण सोडून बोलतेस. पान गार झालं बघ."

मावशीचा नवरा वेल्डर होता, बोलायला कमी. तो मीठ मागायच्या निमित्तानं एखादं वाक्य टाकायचा. "दोघं एकाच खुराड्यातले आहेत," तो म्हणायचा, "फक्त एक लवकर आरवतो."

मावशी हसायची. पण मनात एक गोष्ट सलत होती आणि ती तिनं कधी बोलून दाखवली नव्हती. जीव कसा सुरू होतो यावर हे दोघं इतकी वर्षं घसा फोडत होते, आणि ती रोज आठ तास तेच बघत होती. पण दोघांपैकी एकानंही कधी म्हटलं नाही, मला एकदा दाखव. लेकीला केंद्राचा वास सहन होत नसे. दादा एकदा फाटकापर्यंत आला होता, छत्री द्यायला.

तिचा स्वतःचा एक प्रश्न होता. कामाला लागून तीन वर्षं झाली होती तेव्हा तिनं दहा पांढरी अंडी वेगळी ठेवून दर तासाला दिव्यावर धरून बघितली होती. काळीज सुरू होतं तो क्षण तिला पकडायचा होता. एका तासाला काही नाही, पुढच्या तासाला उडतंय. ती दोन दिवस खपली. शेवटी तिच्या लक्षात आलं की आपल्याला दिसतं तेव्हा ते आधीच सुरू झालेलं असतं. बरं, सुरू झालेलं सगळं चालतंच असंही नाही. ऊब तीच, ओल तीच, हवा तीच, ट्रे तोच, आणि शंभरातली आठ-दहा मधेच थांबतात. सातव्या दिवशी, बाराव्या दिवशी, काही तर कवच फोडायच्या आदल्या दिवशी. शेजारचं चालतं, हे थांबतं. का? सव्वीस वर्षांत तिनं अशी लाखोंनी बाजूला काढली असतील. एकालाही कारण विचारता आलं नव्हतं.

अशात केंद्राला पंचवीस वर्षं झाली. (मावशीला सव्वीस, कारण पहिलं वर्ष ती मालकाच्या वडिलांच्या परसातल्या जुन्या यंत्रावर होती. हे मालक विसरला होता.) मालकाला काहीतरी मोठं करायचं होतं. त्यानं शहराच्या सभागृहात जाहीर वाद ठेवला, 'जीव कुठून आला?' एका बाजूला लेकीच्या कॉलेजातले प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला दादाच्या प्रार्थनागृहातले प्रवचनकार. दोघांचे चाहते होते, दोघांना बोलायला आवडायचं. आणि मधे टेबलावर जिवंत अंडी. ही कल्पना मालकाची.

"मावशी, तुमच्याशिवाय कार्यक्रम होणारच नाही," तो म्हणाला. "पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या दिवसाची, बारा-बारा अंडी आणा. कॅमेरा लावू, पडद्यावर मोठं दिसेल."

मावशीनं बोटं मोजून अटी सांगितल्या. "वीस मिनिटं, त्याच्या वर एक मिनिट नाही. टेबलावर मोठा दिवा नको. आणि हात फक्त मी लावणार."

"तुम्ही म्हणाल तसं."

"लिहून ठेवा."

"अहो मावशी, शब्द दिला ना! आणि शेवटी पाच मिनिटं तुम्हीही बोला. काय अनुभव असेल तो सांगा."

हे पाच मिनिटांचं ऐकून ती हरखली, हे खोटं कशाला सांगा. आठवडाभर तिनं नवऱ्यासमोर सराव केला. अनुभव सांगायचा नव्हता तिला, प्रश्न विचारायचा होता. शहरातली दोन शिकलेली माणसं समोर असणार. ती थांबलेल्या अंड्यांचं विचारणार होती.

"कठीण प्रश्न आहे," नवरा म्हणाला.

"म्हणून तर त्यांना विचारतेय. सोपा असता तर तुम्हाला विचारला असता."

रविवारी दुपारी चार वाजता सभागृह गच्च भरलं. मावशीनं गरम पाण्याच्या बाटल्या लावून अंडी थर्माकोलच्या पेटीतून आणली होती. टेबलाशी आली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. टेबलाच्या बरोबर वर, हातभर अंतरावर, एक मोठा फोकस लावला होता. खाली हात धरला तर चटका बसत होता.

"हा काढा," ती दिवेवाल्याला म्हणाली.

"कॅमेऱ्याला लागतो तो. मालकांनी सांगितलंय."

मालक पाहुण्यांचं स्वागत करण्यात गुंतला होता. त्यानं लांबूनच हात हलवला, होईल होईल अशा अर्थाचा. तेवढ्यात कार्यक्रम सुरू झाला. मावशीला मंचाच्या कडेला एक खुर्ची दिली गेली. वीस मिनिटांचाच प्रश्न आहे, असं म्हणून ती बसली. पुढं कित्येक दिवस तिला सगळ्यात जास्त राग आला तो या बसण्याचा.

प्राध्यापक आधी उठले. त्यांनी तिला न विचारता पाचव्या दिवसाचं अंडं उचललं, तेही मुठीत आवळून, आणि दिव्याच्या नळीवर ठेवलं. पडद्यावर लाल जाळं उमटलं, मधला ठिपका उडू लागला. सभागृहातून एकदम हुंकार आला. मावशीला बरं वाटलं. हे सगळे लोक पहिल्यांदा बघत होते.

"बघा," प्राध्यापक म्हणाले, "इथं कोणी फुंकर मारलेली नाही. ऊब, ओल आणि रसायनं. याच्या गळ्याशी आत्ता ज्या घड्या आहेत, तशाच माशाच्या गर्भाला असतात आणि तशाच तुम्हाआम्हाला होत्या. पहिला जीवही असाच कुठल्याशा कोमट डबक्यात आपोआप तयार झाला. हे आता सिद्ध झालंय. यात कोडं असं काही उरलेलं नाही."

टाळ्या. पहिल्या रांगेत बसलेली मावशीची लेक सगळ्यात जोरात.

मग प्रवचनकार उठले. त्यांनी अठराव्या दिवसाचं अंडं उचलून कानाशी हलवलं. हलवलं! जणू आत पैसे आहेत का ते बघत होते. मावशी खुर्चीतून अर्धी उठली.

"हा जीव आत वाट बघतोय," ते म्हणाले. "कवच कुठं फोडायचं, कसं वळायचं, हे त्याला कोणी शिकवलं? डबक्यानं? घड्याळ दिसलं की घड्याळजी असणारच. ज्यानं घडवलं त्यानं प्रत्येकाचा श्वास मोजून ठेवलाय. यात शंकेला जागाच नाही."

पुन्हा टाळ्या. या वेळी दादा उभा राहून.

इथपर्यंत वीस मिनिटं झाली. मावशीनं मालकाकडे बघितलं. मालक मंचावर खूश होऊन मान डोलवत होता. प्राध्यापकांनी उत्तर दिलं, प्रवचनकारांनी प्रत्युत्तर दिलं. डोळा कसा तयार झाला, पंख कसे तयार झाले, माकडं अजून माकडंच का राहिली, मग पाप-पुण्य कुठून आलं. एकानं दुसऱ्याला अडाणी म्हटलं नाही, पण म्हटल्यासारखं केलं. दुसऱ्यानं पहिल्याला गर्विष्ठ म्हटलं नाही, पण त्याच्यासाठी प्रार्थना करतो म्हणाला. लोकांना मजा येत होती. टेबलावर अंडी तशीच होती, फोकसखाली, आणि दोघांपैकी कोणाचीही नजर त्यांच्याकडे जात नव्हती.

चाळीस मिनिटं झाल्यावर मावशी वाकून मालकाच्या कानाशी गेली. "अंडी तापताहेत. नेते मी."

"पाच मिनिटं, मावशी. आत्ता रंगलंय."

पंचावन्न मिनिटं झाली. ती पुन्हा गेली. मालकानं तिच्याकडे न बघता बोट ओठांवर ठेवलं.

एक तास दहा मिनिटं. प्रवचनकार प्राण म्हणजे काय ते सांगत होते आणि प्राध्यापक मान हलवून हसत होते. मावशी उठली, सगळ्यांसमोर टेबलाशी गेली, अठराव्या दिवसाचं एक अंडं उचललं आणि पापणीला लावलं. लगेच काढलं. पापणी भाजली होती. दुसरं लावलं. तेही तसंच. अठराव्या दिवशी पिल्लू पूर्ण झालेलं असतं, त्याची स्वतःची ऊब असते, त्यावर बाहेरून आग आली तर त्याला कुठं जाता येत नाही. हे तिला ठाऊक होतं. आणि सभागृहात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं, जरी जिवावर अधिकारानं बोलणारे दोघं तिथंच मंचावर होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं दोन्ही हातांनी फोकस धरून बाजूला ढकलला. तो प्राध्यापकांच्या तोंडावर गेला, त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. माईक जवळच होता, त्यामुळं तिचं सगळं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"तासभर झाला, जीव जीव करताय दोघं. जीव कुठून आला! आला कुठूनही, तो इथं तुमच्या पुढ्यात मरतोय, त्याचं काय? हात लावून बघितलंत एकदा तरी?"

 मग मागून कोणीतरी ओरडलं, "मावशी, आधी अंडं की आधी कोंबडी?" हा विनोद तिनं सव्वीस वर्षांत इतक्यांदा ऐकला होता की आता तो तिला ऐकूही यायचा नाही. लोक मात्र खदखदून हसले.

"बाई," प्राध्यापक सौम्यपणे म्हणाले, "भावना समजतात. आपण मुद्द्यावर राहू या."

"हाच मुद्दा आहे!"

प्रवचनकार म्हणाले, "त्याच्या इच्छेशिवाय एकही जाणार नाही, ताई. शांत व्हा."

"त्याच्या इच्छेवर ढकलू नका. हा दिवा त्यानं नाही लावला. तो यांनी लावलाय." तिनं मालकाकडे बोट केलं. "मी सांगितलं होतं, वीस मिनिटं. मोठा दिवा नको. शब्द दिला होतात."

मालक हसरा चेहरा ठेवून दातांतल्या दातांत म्हणाला, "मावशी, बसा खाली."

पुन्हा मागून आवाज आला, "एवढं काय? शेवटी कापायलाच जाणार ना ती!"

या वेळी हशा जरा कमी झाला. मावशीनं आवाजाच्या दिशेनं बघितलं. तिला हे उत्तर आधीपासून माहीत नव्हतं, ते बोलता बोलताच सुचलं.

"जाणार. मी ते लपवत नाही. मीही खाते. पण माझ्या हातात आहेत तोवर ती जगवायची, हे माझं काम आहे. तुम्ही मरणार आहात म्हणून डॉक्टर तुम्हाला उन्हात टाकतो का?"

 ती एकेक अंडं पेटीत ठेवू लागली. तिसऱ्या रांगेतून नवरा उठला, मंचावर चढला आणि पेटीचं झाकण धरून उभा राहिला. पहिल्या रांगेत लेक मान खाली घालून बसली होती. दादा कपाळावर हात मारून घेत होता. दोघंही तिच्या मदतीला आली नाहीत. त्या दिवशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामा-भाचीचं एकमत झालं, मावशीनं लाज आणली यावर.

तिचा प्रश्न विचारायचा राहिलाच.

केंद्रात पोचल्या पोचल्या तिनं सगळी दिव्यावर धरून बघितली. छत्तिसातली वीस गेली. अठराव्या दिवसाच्या बारातली आठ, पाचव्यातली सात, दहाव्यातली पाच. तिनं तेही प्रामाणिकपणे मनात वजा केलं, तीन तर तशीही थांबलीच असती. उरली सतरा. ही सतरा देवानंही मारली नव्हती आणि निसर्गानंही नाही. ती बोलण्यात मेली होती.

दुसऱ्या दिवशी मालकानं तिला ट्रे धुण्याच्या विभागात टाकलं. "थोडी विश्रांती घ्या मावशी, डोळे थकले असतील." सव्वीस वर्षांची नजर, आणि तिला तारेचा ब्रश दिला. तिनं ब्रश घेतला. सोडून जाणं सोपं होतं, पण ती म्हणाली, मी चूक केली नाही, तर मी का जाऊ?

आणि चीड आणणारं अजून पुढंच होतं. आठवड्याच्या प्रवचनात तिचा उल्लेख झाला. आईचं काळीज कसं असतं बघा, म्हणाले प्रवचनकार, अंड्यासाठीसुद्धा कळवळतं. दादानं हे कौतुकानं येऊन सांगितलं. त्याला वाटलं तिला बरं वाटेल.

"आई म्हणून नाही बोलले मी," मावशी कडाडली. "मला माझं काम कळतं म्हणून बोलले. एखाद्या मिस्त्रीनं भिंत पडेल म्हणून सांगितलं तर त्याला बापाचं काळीज म्हणतात का?"

दादा चहा अर्धा टाकून गेला.

मग वर्तमानपत्रात प्राध्यापकांचा लेख आला. त्यात एक ओळ होती की वैचारिक चर्चेत एका अशिक्षित महिला कामगाराच्या भावनिक उद्रेकानं व्यत्यय आला. मावशीनं ती ओळ स्वतः वाचली, चष्मा लावून, दोनदा. मग पेपर लेकीपुढं ठेवला.

"आठवीपर्यंत शिकलेय मी. अशिक्षित कोणाला म्हणतात ग? तुझ्या पुस्तकात असेल बघ."

लेक म्हणाली, "सरांना तसं म्हणायचं नसेल."

"मग लिहिलं कशाला?"

त्यानंतर तीन दिवस ती लेकीशी बोलली नाही. डबा भरून द्यायची, पण बोलायची नाही. भांडणापेक्षा हे लेकीला जड गेलं. चौथ्या दिवशी सकाळी लेक तिच्याबरोबर निघाली. केंद्राच्या दारात औषधाच्या पाण्यात बूट बुडवले, डोक्याला टोपी घातली, वासानं तोंड वाकडं झालं तरी परत फिरली नाही.

थांबलेली वीस अंडी मावशीनं शीतपेटीत ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं ती बाहेर काढली आणि मायलेकी मागच्या ओट्यावर एकेक फोडून बघायला बसल्या. लेकीनं पुस्तकात हजारदा बघितलेली चित्रं होती ती, पण चित्रातल्या पिल्लाला पिसं ओली चिकटलेली नसतात. मावशी हातात घेऊन सांगत होती. "हे बघ, हे वळलं होतं, चोच हवेच्या कप्प्याकडे. दोन दिवसांत फोडलं असतं. याचं अंग लाल पडलंय, ही उष्णता. आणि हे बघ, हे निराळं. हे सभेच्या आधीच थांबलेलं, आदल्या रात्रीच. मी मनात वजा केलेल्या तिनांतलं."

"हे तुला कसं कळतं?"

"लाखभर फोडलीत म्हणून कळतं."

लेकीनं ते लाल पडलेलं पिल्लू अलगद बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आई, सभेत तू काय बोलणार होतीस? पाच मिनिटं मिळणार होती ना?"

मावशीनं प्रश्न सांगितला. इतक्या दिवसांनी कोणीतरी विचारलं होतं, पण तिचा आवाज चिडलेलाच होता, जणू उत्तर लेकीनंच लपवून ठेवलंय.

लेकीनं दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर केला आणि प्राध्यापकांना तोच प्रश्न विचारला. कोणाचा आहे तेही सांगितलं. प्राध्यापक आधी अवघडले. पण शिकवणं त्यांना खरंच यायचं, हेही सांगायला हवं. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं, पेशी दुप्पट होताना सूचना उतरवण्यात चुका कशा होतात, कवचातून जंतू कसे शिरतात, कोंबडीच्या खाण्यात एखादी गोष्ट कमी असली तर काय होतं. "आणि यातून जी उरतात," ते म्हणाले, "ती का थांबतात, ते आम्हालाही माहीत नाही."

"सर, आणि पहिला जीव कसा सुरू झाला?"

"सजीव एकमेकांतून कसे बदलत आले याचे भक्कम पुरावे आहेत. पहिली सुरुवात मात्र अजून कोणाला नेमकी ठाऊक नाही. काम चालू आहे."

"मग सभेत तुम्ही सिद्ध झालंय म्हणालात."

 प्राध्यापक खडूची धूळ झटकत राहिले. "समोर ते होते," शेवटी म्हणाले. "मी माहीत नाही म्हटलं असतं तर त्यांनी टाळ्या घेतल्या असत्या."

लेकीनं हे सगळं घरी शब्दन्शब्द सांगितलं. मावशीचं समाधान झालं असेल असं वाटेल. तसं झालं नाही. उत्तर तिला आवडलं, वहीत लिहून घ्यायला लावलं. पण राग दुप्पट झाला. "म्हणजे माहीत नाही हे त्यांना तेव्हाही माहीत होतं! टाळ्यांपायी दडवलं! पोरांसमोर खरं आणि गावासमोर खोटं?" तिनं लेकीला सांगितलं, सरांना म्हणावं, पेपरात लिहिलंत तसंच पेपरात परत घ्या.

त्यांनी घेतलं. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढी सूचना. संबंधित महिला प्रशिक्षित तंत्रज्ञ असून त्यांचं निरीक्षण अचूक होतं, अशी. नवऱ्यानं ती कापून ठेवू का विचारलं. "भिंगही ठेवा बरोबर," मावशी म्हणाली.

दादानं प्रवचनकारांना दोनदा विचारलं, एकदा केंद्रात येऊन बघा. ते बघू म्हणाले आणि आले नाहीत. यावर दादा मात्र चिडला. चाळीस वर्षं तो त्या प्रार्थनागृहात चटया अंथरत होता, त्यानं एक गोष्ट मागितली होती. शेवटी तो एकटाच आला. फाटकाच्या आत, पहिल्यांदा. मावशी तेव्हा ट्रे धूत होती, पण तिनं हात पुसले आणि नव्या मुलीला बाजूला करून त्याला दिव्याशी नेलं. पाचव्या दिवसाचं अंडं नळीवर धरलं. दादा वाकून बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, प्रार्थना होती की नुसता श्वास ते तिला कळलं नाही.

"रोज बघतेस तू हे?" त्यानं विचारलं.

"रोज."

"आणि मी तुला रोज सांगत होतो, जीव म्हणजे काय ते." तो सरळ झाला. डोळे पुसले नाहीत, टोपी मात्र काढून हातात घेतली. ती तिथं काढायची नसते, मावशीनं लगेच परत घालायला लावली.

ट्रे धुण्यात तिचा दीड महिना गेला. दिव्याच्या खोलीतली नवी मुलगी मन लावून काम करायची, पण तपकिरी कवचाची अंडी तिला कळत नव्हती. जिवंत अंडी कोरी म्हणून फेकली जाऊ लागली, थांबलेली आत राहून सडू लागली, त्यातलं एक फुटून अख्खं यंत्र धुवावं लागलं. पिल्लं घटली. मालक स्वतः हौदापाशी आला.

"मावशी, डोळ्यांना आराम पडला असेल आता."

"डोळ्यांना काही झालंच नव्हतं."

"बरं, उद्यापासून दिव्यावर या."

मावशी ब्रश घासत राहिली. "येईन. पण आधी सगळ्यांसमोर सांगा, मावशीनं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"सतरा होती. एवढीशीच."

मालकानं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी पाळी बदलताना, बावीस माणसांसमोर, चेहरा कडू औषध घेतल्यासारखा करून त्यानं ते वाक्य म्हटलं. भरभर म्हटलं. मावशीनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं, मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणून. मागच्यांना नीट ऐकू आलं होतं.

ती दिव्यावर परत गेली. पहिले चार दिवस तिनं नव्या मुलीला हलवलं नाही, शेजारी उभं करून तपकिरी अंडं कसं तिरकं धरायचं ते शिकवलं. मुलगी तिला घाबरत होती, कारण मावशी अजून चिडलेलीच होती, आणि तिचा राग कुणावर आहे हे मुलीला नक्की कळत नव्हतं.

पुढच्या वर्षी मालकानं पुन्हा तोच वाद ठेवला. लोकांना आवडला होता म्हणे. त्यानं मावशीकडे अंडी मागितली नाहीत, प्लास्टिकचा नमुना मागवला. प्राध्यापक आले, प्रवचनकार आले, सभागृह पुन्हा भरलं. लेक गेली होती. तिनं येऊन सांगितलं की सरांनी या वेळी एकदा माहीत नाही म्हटलं, आणि टाळ्या खरंच दुसरीकडे गेल्या.

"जाऊ देत टाळ्या," मावशी म्हणाली. "आणि दुसरे? ते म्हणाले का एकदा तरी?"

"नाही."

मावशी काहीतरी पुटपुटली, ते लिहिण्यासारखं नाही. मग ती झोपायला गेली, कारण सकाळी सहाला तिची पाळी होती आणि दहाव्या दिवसाची चार हजार अंडी बघायची होती.